धुऱ्यावरच्या दोन माश्या

चहा गरम आहे तोवर सांगून टाकतो. पण एक अट आहे. मी हे हसत सांगणार नाही. ज्याची फजिती झाली त्यानं गंभीर राहायचं, हसायला बाकीचे असतातच. माझ्या वेळी तर सबंध गाव होतं. डोळ्यांतलं पाणी पुसत होते लोक! आणि कशापायी? तिळाएवढ्या एका माशीपायी!

एका म्हणालो का मी? बघा, तीच तर सगळी भानगड आहे. त्या संध्याकाळपर्यंत माझ्या लेखी त्या दोन होत्या.

तुम्हाला माहीतच आहे, मी बुलढाण्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि माझा जीव माश्यांमध्ये. तुमच्या कपावर बसते ती नव्हे हो! शिकारी माशी. लांब पाय, मोरपंखी हिरवं अंग, आणि पानावर अशी ऐटीत उभी राहते की त्या पानाचा सातबारा तिच्याच नावावर असावा. मावा, तुडतुडे, फुलकिडे दिसले की झडप घालते आणि तोंडात धरून चिरडते. पिकाची एवढी राखण करते, पण तिला ओळखतं कोण? अंगावर राठ केस कुठे आहेत, पंखातली शीर कुठे वळते, पायाचं टोक कसं आहे, हे भिंगाखाली पाहून एकेक लिहावं लागतं. आधी कोणी असं वर्णन केलेलं नसेल, तर ती नवी जात. आणि नव्या जातीला नाव द्यायचा मान वर्णन करणाऱ्याचा.

हा मानच मला नडला.

आता थोडं घरचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की एवढा शिकलेला माणूस एवढा आंधळा कसा होतो.

आमचं गाव संग्रामपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याला. आजोबा गेल्यावर वावराची वाटणी झाली. अर्धं माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, अर्धं धाकट्या नारायणकाकांना. मधे बांध. आमच्याकडे त्याला धुरा म्हणतात. एका वर्षी नांगरताना काकांच्या ट्रॅक्टरनं तो धुरा थोडा खाल्ला. आबा म्हणाले, मुद्दाम खाल्ला. काका म्हणाले, चुकून खाल्ला. मग मोजणी आली, दगड रोवले, रोवलेले दगड उपटले, पुन्हा रोवले. तेव्हापासून हे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. कोणाच्याही लग्नात हे मांडवाच्या या टोकाला, ते त्या टोकाला. माझ्या लग्नात काका आले, अक्षता टाकल्या आणि पंगतीला न बसता निघून गेले. ज्याच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली, ज्यानं मला विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं, तो माणूस माझ्या लग्नाचं जेवला नाही. मला ते अजून लागतं.

मागच्या हिवाळ्यात आबा अंगणात पडले. सावरले, पण बोलणं कमी झालं. खळ्यातल्या खाटेवर धुऱ्याकडे तोंड करून बसून राहायचे. एकदा मला म्हणाले, "नाऱ्याची तूर लय दाट हाये अवंदा."

बस, एवढंच. पण 'नाऱ्या' हे नाव आबांच्या तोंडून मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मी मनाशी ठरवलं की आबांच्या डोळ्यांदेखत हे दोघे एका छताखाली बसले पाहिजेत. कसे, ते मात्र सुचत नव्हतं.

आणि मग त्याच धुऱ्यावर मला माशी सापडली!

धुऱ्यावर पळसाचं झुडूप आहे. त्याच्या रुंद पानांवर हिरव्या शिकारी माश्या. त्यातल्या काहींच्या पुढच्या पायांना टोकाशी काळी, चपटी पळी. काहींचे पाय अगदी साधे, पण अंगानं त्या जरा भरलेल्या. मी नमुने बुलढाण्याला नेले, भिंगाखाली धरले, जुनी वर्णनं धुंडाळली. कुठेच जुळेना. खात्रीसाठी काही नमुने या माश्यांच्या जाणकार अशा एका मोठ्या सरांकडेही पाठवले. म्हणजे नवी जात! आणि एक नाही हो, दोन! पळीवाली एक, साधी दुसरी. दोन भावांच्या मधल्या धुऱ्यावर दोन नव्या जाती!

देवानंच पाठवल्या, असं वाटलं मला. पळीवाली आबांच्या नावाची, भरलेली काकांच्या नावाची. एकच कार्यक्रम, एकच मांडव. न येऊन जातात कुठे?

बायकोला सांगितलं. सुनंदा देऊळगाव राजाची, बोलते कमी, पण बोलते ते वर्मी. ती म्हणाली, "अहो, तुम्ही त्या मोठ्या सरांकडं नमुने पाठवलेत ना? त्यांचं उत्तर तर येऊ द्या. बारसं करायच्या आधी लेकरू नीट बघावं माणसानं."

मी म्हटलं, "सुनंदा, आबांकडे बघ. थांबायला वेळ आहे का आपल्याजवळ?"

तिनं विषय सोडला. तिला आबांची काळजी होती म्हणून. मला वाटलं, माझा मुद्दा पटला म्हणून.

आता पुढचं अवघड काम. एखाद्या म्हाताऱ्या, मानी शेतकऱ्याला जाऊन सांगून बघा की तुमचं नाव एका माशीला देतोय!

आबांनी ऐकून घेतलं. "माशी? दुसरं काई सापडलं नाई तुले?"

"आबा, साधी नाही. शिकारी माशी आहे."

"शिकार कोनाची करते?"

"माव्याची. तुडतुड्यांची."

"अस्सं?" आबा जरा सरळ बसले. "फवारा न मारता?"

"फवारा न मारता."

"मंग ठेव नाव. जगाच्या पाठीवर माह्या नावानं कोनीतरी कामाले राह्यलं म्हनायचं."

काकांकडे गेलो तेव्हा ते गोठ्यात बैलाला खरारा करत होते. मिशा अशा की बैलानंही दबून असावं. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "दादाच्या नावाची हाये का एखादी?"

"आहे, काका."

"त्याची मोठी का माही?"

मी खरं तेच सांगितलं. "तुमची. थोडीच, पण मोठी आहे."

काकांचा हात मिशीवर गेला. "नाव काय ठेवलं मंग?"

"नारायणी."

"काऊन बे? बाई हावो का मी?"

"काका, लॅटिनमध्ये पुरुषाच्या नावालाही शेवटी 'ई' लागते. आबांची महादेवी आहे."

"लागू दे. मोठी हाये ना पन?" असं म्हणून काका गोठ्यातून जे निघाले ते थेट पारावर. सांज होईतो गावभर झालं की नारायण वानखडेची माशी महादेव वानखडेच्या माशीपेक्षा मोठी आहे. आबांच्या कानावर ते आलं. त्यांनी मला बोलावून विचारलं, "पन पळी माह्याच माशीले हाये ना?" मी म्हटलं, "तुमच्याच." आबांचं समाधान झालं. जेवणात एक भाकरी जास्त घेतली त्यांनी!

तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस मागे फिरेल का?

कार्यक्रम जवळ आला. नुसती नावं जाहीर करून भागणार नव्हतं, गावाला माशी दिसली पाहिजे. म्हणून मी मोबाइलला भिंग लावलं, तिकाटण्यावर बसवला आणि पळसाच्या पानापुढे ठेवून चित्रीकरण चालू केलं. पानावर साधी माशी बसली होती. तेवढ्यात पळीवाली आली. समोर उभी राहिली. पुढचा पाय उचलला आणि ती काळी पळी हिच्या तोंडापुढे नाचवू लागली! मागे सरकली, पुन्हा अंगावर धावून गेली. पंख थरथर कापत होते. गोल फिरून दुसऱ्या बाजूनं आली, पुन्हा हात वर!

मी जागीच ओळखलं. अहो, लहानपणापासून धुऱ्यावर मी दुसरं पाहिलंय काय? एकानं हात नाचवायचा, पुढे यायचं, मागे जायचं, अंग रागानं थरथरतंय. हे भांडण! हद्दीचं भांडण! दोन जाती एका पानासाठी भांडत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, बघा, या धुऱ्याच्या मातीतच ते आहे.

तेवढ्यात पलीकडून काकांनी हाक मारली, "काय पाहून राह्यला बे येवढं?" मी मोबाइल तसाच चालू ठेवून त्यांच्याकडे गेलो. काका आपणहून हाक मारत होते, मी थांबेन कसा? परत आलो तेव्हा पान रिकामं होतं. घरी जाऊन चित्रीकरणाची सुरुवात तेवढी पाहिली. पुढचं काय पाहायचं? भांडण भांडणासारखंच असणार.

मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात दिवेलागणीला कार्यक्रम ठेवला. पडदा म्हणून आबांचं धुतलेलं पांढरं धोतर बांधलं. प्रोजेक्टर मी नेला होता. गाव लोटलं! माशीचं नाव पाहायला नव्हे, हे मलाही कळत होतं. वानखडे भाऊ एका मांडवात बसतात का, ते पाहायला. आणि ते आले हो! आबा या टोकाला खुर्चीवर, काका त्या टोकाला. एकमेकांकडे पाहत नव्हते, पण छत एकच होतं. वाटलं, अर्धं काम झालं.

दोघांना शाल-नारळ दिलं. नावं जाहीर केली. टाळ्या झाल्या. मग मी चित्रीकरण लावलं आणि पडद्याकडे पाठ, लोकांकडे तोंड करून बोलायला उभा राहिलो.

मी म्हणालो, "मंडळी, या दोन जाती एकाच धुऱ्यावर राहतात. एकच पळस, एकच सावली. पण बघा, एकमेकींना पाण्यात पाहतात! हा हात कसा नाचवतोय. कसा अंगावर चाललाय!"

काही माना आबांकडे वळल्या, काही काकांकडे. मला वाटलं, बरोबर चाललंय. मी आवाज आणखी गंभीर केला.

"हे मुके जीव आहेत. यांना समजावणार कोण? पण आपण तर माणसं आहोत. एका रक्ताची माणसं..."

बायकांच्या बाजूनं एक बारीक आवाज आला. मला वाटलं, कोणाला तरी हुंदका आला. दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला. झालं! माझं बोलणं काळजाला भिडतंय म्हणून मला आणखी चेव चढला.

"बघा, बघा! दोघांपैकी कोणीही माघार घेणार नाही! जोवर एक दुसऱ्याला..."

आणि मंडप फुटला. म्हातारे मांड्या बडवत होते. पुजारी देवाकडे तोंड करून खांदे हलवत होता. मी गर्रकन मागे वळलो.

आबांच्या धोतरावर बैलाएवढ्या दोन माश्या होत्या. महादेवी नारायणीच्या पाठीवर चढून बसली होती. दोघं अगदी निवांत होती. आणि भांडत तर अजिबात नव्हती!

एक गोष्ट मघाशी मी तुम्हाला सांगितली नाही. मुद्दामच. पळीवाले जेवढे नमुने मी पकडले, ते सगळे नर होते. आणि साध्या पायांचे पकडले, त्या सगळ्या माद्या! भिंगाखाली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं मी. मग कळलं कसं नाही? नाही कळलं! मी मनाशी म्हटलं, पळीवाल्यांच्या माद्या दुसऱ्या झाडावर असतील. साध्यांचे नर दुसऱ्या ऋतूत येत असतील. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असं बोलला असता तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. खरं सांगू का? मला एक माशी नकोच होती. एका माशीनं माझं भागत नव्हतं. मला दोन हव्या होत्या, म्हणून दोन दिसल्या.

तर मी प्रोजेक्टर बंद करायला धावलो, घाईत भलतंच बटण दाबलं आणि चित्र तिथंच थांबलं. नेमकं तिथंच!

काका उभे राहिले. त्यांच्या मिशा पाहून हसणं हळूहळू थांबलं.

"थांब बे," काका म्हणाले. "त्यातली माही कोनती?"

"काका... मोठी."

"मोठी मंजे?"

"खालची."

बायकांतून कोणीतरी म्हणालं, "नाव तं मंग बराबरच ठेवलं होतं सरनं!"

कोणी हसलं नाही. काकांचं तोंड लालबुंद झालं होतं. जुनं भांडण मिटवायला निघालो होतो आणि आता नवं, त्याहून मोठं लावून बसलो, तेही सगळ्या गावासमोर. आबा गेले तर याच रागात जाणार, असं माझ्या मनात आलं.

तेवढ्यात खुर्ची करकरली. आबा हसत होते! आवाज न करता, दोन्ही हातांनी काठी धरून, गदागदा. हसता हसता ठसका लागला, डोळे वाहू लागले, आणि त्या ठसक्यातून शब्द आले, "नाऱ्या... नाऱ्या लेका... मोठी पाह्यजे होती ना तुले?"

इतक्या वर्षांनी आबांनी धाकट्या भावाला हाक मारली होती. काका तसेच उभे. मग त्यांची मिशी हलली.

"हास, दादा, हास! पोरगा तं तुहाच हाये!"

"माहा? खांद्यावर घेऊन गावभर कोनं फिरवला त्याले? तूच लाडावला!"

"मी पोहाले शिकवलं. माश्या पाहाले म्या नाई शिकवलं!"

"मंग अक्कल कोनावर गेली याची? आपल्या घरात असं कोनी नव्हतं!"

"नव्हतंच ना!" काका म्हणाले, आणि बोलता बोलता मांडव ओलांडून आबांच्या खुर्चीशी आले. जेवायला दोघे एकाच पंगतीत शेजारी बसले. काकांनी आबांच्या ताटात स्वतःच्या हातानं वरण वाढलं. मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत उभा होतो. मला ती वायर नीट दिसत नव्हती. रडत होतो मी, सरळ सांगतो.

काही दिवसांनी त्या मोठ्या सरांचं उत्तर आलं. अभिनंदन, जात नवीच आहे. मात्र एकच आहे. खाली एक ओळ होती की नर-मादीचा घोळ एवढ्या सरळ प्रकरणात कसा झाला, याचं त्यांना आश्चर्य वाटतं.

म्हणजे आता माशी एक आणि नाव एक. मी गावी गेलो. दोघे धुऱ्यावर पळसाखाली चहा पीत बसले होते. मी म्हटलं, "आता दोघांपैकी एकाचंच नाव देता येईल."

"नाऱ्याचं दे," आबा म्हणाले.

"काई नको. दादा मोठा हाये, त्याचं दे," काका म्हणाले.

"मी म्हनतो ना, तुहं!"

"मी नाई घेत!"

आवाज चढायला लागले. म्हटलं, झालं, पुन्हा धुऱ्यावरच! मी घाईघाईनं समजावू लागलो की प्रश्न फार नाजूक आहे, कोणीतरी एक मागे राहणारच, शास्त्राचा नियमच तसा आहे.

काकांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "कॉलेजात तुले काय म्हनतेत बे?"

"वानखडे सर."

"दादाचं आडनाव काय?"

"वानखडे."

"अन् माहं?"

इतकी वर्षं मी आपल्या घराला दोन घरं समजूनच चाललो होतो. आडनाव एक आहे, हे सकाळ-संध्याकाळ सही करतानाही माझ्या डोक्यात आलं नाही.

"तेच दे मंग," काका म्हणाले. "येवढ्यासाठी दोन माश्या कायले पाह्यजे होत्या तुले?"

तर आता ती माशी 'वानखडेई' आहे. नर, मादी, पळीवाली, बिनपळीची, सगळ्यांची मिळून एकच. धुऱ्यावरचे दगड कधीच निघाले. कोणी पाहुणा आला की दोघे त्याला पळसाशी नेतात, पान वळवून दाखवतात आणि सांगतात, "हे आमच्या नावाची."

मग पाहुणा हळूच विचारतो, "अन् ज्याले भांडन दिसलं होतं, थो सर कोन?"

आबा काकांकडे बोट दाखवतात. "थो? थो याचा पुतन्या."

काका लगेच म्हणतात, "माहा कायचा? याचा पोरगा हाये थो!"

गावातला धुऱ्याचा वाद असा मिटला. आता फक्त माझी वाटणी राहिली आहे, आणि मला आपल्या हिश्शात घ्यायला दोघांपैकी कोणीच तयार नाही.